काळ्या वायरीची चिठ्ठी

(लोहा. सकाळ. घरासमोर जुनी गाडी, बॉनेट उघडं. आनंदराज आणि त्याची बायको मनिषा.)

मनिषा : आन् ही चिठ्ठी कशाची? ‘हॉर्नकडे जाते.’

आनंदराज : वायरी काढताना लावल्या. प्रत्येकीला एक. परत जोडताना घोटाळा नको म्हणून.

मनिषा : तीस वर्षं वाचनालयात पुस्तकांना चिठ्ठ्या लावल्या, तरी हौस फिटली न्हाई तुमची.

आनंदराज : मनिषा, मी गाडी बिघडवली. पहाटे चावी फिरवली तर निदान कट्कट् तरी करत होती. आता दिवासुद्धा लागत नाही.

मनिषा : मग काहून हात लावला?

आनंदराज : पुस्तकात होतं, काळी वायर बॉडीला जिथं जोडतात तिथं गंज धरला की असं होतं. गंज होताही. पॉलिश पेपरनं घासला. पण मला काय कळतं त्यातलं. तू आपली बसनं जा बिलोलीला.

मनिषा : बसनं? बिलोलीच्या माझ्या भावाला, भीमादादाला सांगून बसले, मी सोता गाडी चालवत येते म्हणून. काय म्हणला तो?

आनंदराज : ‘पिठाची गिरणी चालवणं वेगळं, गाडी चालवणं वेगळं.’

मनिषा : आन् लई हसला. साठाव्या वर्षी लायसन काढलं ते बसच्या खिडकीत बसायला न्हाई. सरका.

आनंदराज : संगमेश मिस्त्रीला फोन करू?

मनिषा : तो उदगीरला लग्नात हाय. सरका म्हणते ना. गिरणीची मोटार बंद पडली की मी आधी काय बघायची?

आनंदराज : करंट कुठवर येतोय ते.

मनिषा : मग बॅटरीपासून बघू. लाल वायर, चिठ्ठी लोंबून राहिली. बरं. काळीची चिठ्ठी कुठंय?

आनंदराज : ती सारखी पडत होती. म्हणून टर्मिनलला डिंकानं गोल चिकटवली आणि वरून क्लॅम्प आवळला. पुस्तकाच्या पाठीला लावतो तशी. आता निघायची नाही.

मनिषा : अहो.

आनंदराज : काय?

मनिषा : कागदातून करंट जातो का?

आनंदराज : नाही.

मनिषा : तुम्ही बॅटरीला कागदाचा सदरा घातलाय.

आनंदराज : हे कुणाला सांगू नकोस.

मनिषा : बिलोलीत उतरल्या उतरल्या पहिलं हेच सांगणार. ब्लेड द्या. डिंक बी काय घट्ट लावलाय. हां, निघाली. आता आवळा. अजून. बास, फिरवते चावी.

आनंदराज : थांब, जरा लांब होतो.

मनिषा : व्हा. फिरवली बघा.

आनंदराज : झाली. एका दमात चालू झाली, मनिषा.

मनिषा : होणारच. पहाटेचा बिघाड गंजाचाच होता, तो तुम्ही काढला. पुस्तक बरोबर होतं.

आनंदराज : पुस्तक बरोबर होतं.

मनिषा : वाचणारा बी. हात धुवा आन् बसा गाडीत.

आनंदराज : मी मागं बसतो. पुढं बसलो की मी घाबरतो, मग तूही घाबरतेस.

मनिषा : मी कवा घाबरले? पुढं बसा.

आनंदराज : बसलो. पट्टाही लावला.

मनिषा : निघू?

आनंदराज : निघ.

मनिषा : माझ्याकडं काय बघून राहिलात? रस्ता समोर हाय.