घर सुगंधानं नाही फोडलं

आम्ही आंधळगावचे विणकर. बाप कोशाच्या रेशमी साड्या विणे, त्याचा बाप बी तेच करे, अन् आमच्या गल्लीत उजाडल्यावर कोणाले झोपूनच राहता येत नव्हतं, कारण सकाळी रस्त्यावर ताणी लागे, म्हणजे साडीचा उभा धागा लांबच्या लांब ताणून त्याले खळ लावायची, अन् त्या कामाले घरचे सगळे हात पाहिजेत, बुढा पाहिजे, पोट्टे पाहिजेत, शेजारचा कोणी रस्त्यानं चालला असला तं त्यालेही धरून उभं करायचं. भाताच्या खळीचा तो आंबूस वास कुठून आला तं मले अजून भूक लागते, काय सांगू तुम्हाले.

मी थोरला. शिकलो, मोहाडीले एका शाळेत कारकून लागलो, सायकलनं जाणं-येणं. धाकटा गोविंदा मागावर बसला. माझा पगार अन् त्याची कमाई, दोन्ही मायच्या हाती जाय, अन् माय एका चुलीवर सगळ्यांचा भात शिजवे, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी. माझी वच्छला अन् गोविंदाची सुगंधा, दोघी जावा ओसरीत कांड्या, म्हणजे धोट्यात घालायच्या धाग्याच्या नळ्या, भरत बसत, अन् अशा हसत, अशा हसत, की मागावरून गोविंदा ओरडे, अवो, धोटा चुकते ना माझा! हसणं थांबवा नाहीतं तुम्हीच या विणायले!

सुगंधा माझ्याशी मात्र बोलत नसे. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, तोंड उघडत नाही, पदर ओढते अन् बाजूनं निघून जाते. मले काही सांगायचं असलं तं ती भिंतीले सांगे, भिंतीबाई, भाऊजीले म्हणा पाणी तापलं. सगळे हसत. चांगले दिवस होते ते.

मंग जिल्ह्याची वाटणी झाली, गोंदिया वेगळा झाला, त्याच्यानंतरची गोष्ट. पॉवरलूमच्या साड्यांनी आमचा बाजार खाल्ला, गोविंदाचा माग उभाच्या उभा राहू लागला. त्याच वक्ताले गावात पाहणी निघाली, गरिबाले पिवळं कार्ड भेटणार, त्याच्यावर सस्ता तांदूळ, पुढं घरकुल, लेकरांची फी माफ. पण आमच्या घरात पगारदार, मी, म्हणून आमच्या घराले काहीच नाही. एका पगारावर सारं घर चालून राहिलं होतं, अन् माझा अजय तिकडे नागपूरले इंजिनिअरिंगले. त्याले फी माफ नाही, सवलत नाही. कारकून म्हणजे साहेब, असं लोकांले वाटे, अन् घरात तेलाची बाटली उलटी करून ठेवायची वेळ.

मीच म्हणलं, कागदावर वेगळे होऊ, म्हणजे गोविंदाच्या नावानं तरी कार्ड निघते. गोविंदा म्हणे, दादा, घर म्हणजे काय दंडार आहे का, सोंग घ्यायले? माय म्हणे, माझ्या जिवंतपणी? म्हणलं माय, पाहणीच्या साहेबाले दोन चुली दाखवू, तो गेला की एक मोडून टाकू. पडवीत माती मीच कालवली अन् दुसरी चूल मीच मांडली.

साहेब आला, दोन्ही चुली पेटलेल्या पाहिल्या. गोविंदाले विचारलं, भाऊ काही देते का तुले? गोविंदाच्या डोळ्याले पाणी आलं. साहेबाले ते गरिबीचं वाटलं. लिहून गेला.

त्या दिवशी वच्छलेनं पडवीत आमच्यापुरतंच रांधलं होतं, तलावाची मासोळी. मी, ती अन् सुट्टीत आलेला अजय. मासोळी पुरून उरली. आतून मायच्या चुलीपासून गोविंदाच्या लेकरांचा गलका ऐकू येत होता, एका तुकड्यासाठी भांडण चाललं होतं, अन् मी इकडे पोटभर जेवलो, अन् खरं सांगतो तुम्हाले, मले गोड लागलं. मनात आलं, असंच राहिलं तं अजयची फी निघते.

सकाळी वच्छला म्हणे, मोडू का? मी म्हणलं, पेटव. माय देवळातून आली तं पडवीत धूर. काहून रे, म्हणे. अन् माझ्या तोंडून निघालं, धाकटीलेच वेगळं पाहिजे माय, तिले आता कार्ड येते, घरकुल येते, आपली गरज काय? सुगंधा दाराआड सूप घेऊन उभी होती. तिचं पाखडणं थांबलं. पण भासऱ्यासमोर बोलणार कशी? तिनं गोविंदाले सांगितलं असल, कारण त्यानं माझ्या शेजारी बसणं सोडलं. तोंडानं मात्र एक शब्द नाही काढला मरेपर्यंत.

गावात झालं, सुगंधानं तांदळापायी घर फोडलं. मी पानठेल्यावर ऐके अन् गप्प राहे. एकदा तं मीच म्हणलं, फुकटचं खाणाऱ्याले भाऊ कायले लागते! लोक हसले. माय आजारी पडली, सुगंधा पेज घेऊन आली की माय तोंड फिरवे. माय गेली तशीच.

अन् त्या फुकटच्या तांदळावर सुगंधानं काय केलं, पाहा. पोटाची फिकीर मिटली म्हणून कांड्यांचा पैसा पोरीच्या शिक्षणाले लावला. मंजू नर्स झाली, सरकारी दवाखान्यात आहे आज. माझा अजय पुण्याले, ठेक्यावरची नोकरी, फ्लॅटचा हप्ता, पोरांची शाळा. येते तं म्हणते, बाबा, फुकटचं खाणारे पुढं गेले, आम्ही कर भरून तिथंच. हे बोलणं त्यानं माझ्याच तोंडून उचललं ना.

मंजूले स्थळं येत, पोरगी पसंत पडे, मंग कोणीतरी कानात सांगे, मायनं घर फोडलं आहे हिच्या. सानगडीचं चांगलं स्थळ असंच वापस गेलं. यंदा पुन्हा पाव्हणे आले. गोविंदा आता या जगात नाही, तं घरचा मोठा म्हणून मले बसवलं. मुलाचा मामा पान लावता लावता म्हणे, तुमचं घर म्हणे बाईमाणसापायी वेगळं झालं? हसून विचारलं, पण तेच विचारायले आला होता. माझ्या तोंडाशी आलं होतं, जुन्या गोष्टी, सोडा. पण समोर मंजू चहाचा ट्रे घेऊन उभी होती, मान खाली, जसं काही तिनंच केलं.

म्हणलं, नाही. घर मी फोडलं. मायजवळ खोटं बोललो अन् हिच्या मायवर टाकलं.

पाव्हणे गेल्यावर सुगंधा बाहेर आली, अन् माझ्या तोंडाकडे पाहून बोलली, पहिल्यांदा. भाऊजी, म्हणे, हे बुढी असताना बोलायचं होतं. मी म्हणलं, हो. म्हणे, माझ्या हातची पेज तरी पेली असती तिनं. अन् कपबशा उचलून आत गेली.

सोयरीक जमली. सुगंधा आता बोलते माझ्याशी, गोळी घेतली का, दार लावून घ्या, एवढंच. माफ केलं म्हणाली नाही, अन् मी विचारत नाही. वच्छलाही गेली, सुगंधा आपल्या तोंडानं सांगणार नाही, सांगणारा मी एकटाच उरलो, म्हणून तुम्हाले बसवून लिहायले लावलं. मंजू सुखानं नांदो. तिच्या मायचं नाव लोकांनी चांगलं घ्यावं, माझं नाही घेतलं तरी चालते.