शेवटच्या ओळीतलं नाव

संयुक्त महाराष्ट्राचे पोवाडे गातो म्हणून आमच्या चाळीतल्या शाहीर लवूला पोलिसांनी मुंबईतून तडीपार केलं होतं. गणपतीनंतर एकदा डिलाईल रोडला बसच्या रांगेत त्याची बायको अंबिका माझ्यापुढे होती. लवूमागे झील धरणारा धोंडू तिला भेटला.

“वहिनी, लवूचं पत्र?”

“आलं मालवणहून. गणपतीत ह्यांचाच पोवाडा गायलात ना, भावोजी?”

“हो. काय टाळ्या पडल्या!”

त्यांत माझ्याही होत्या.

“शेवटच्या ओळीत शाहिराचं नाव असतं. तिथं तुमचं ऐकलं मी.”

“लवूच्या नावाला परवानगी मिळेना.”

“मग ती ओळ सोडायची. आपलं नाव कशाला घातलंत?”

“मोह झाला, वहिनी. लवूला कळवलंत?”

“कळवलं. त्यांनी नवा पोवाडा धाडलाय. शेवट वाचा.”

“‘शाहीर धोंडू सांगे...’ वहिनी, त्यानं स्वतः माझं नाव घातलं?”

“आता वरचं वाचा.”

“अरे देवा! हे गायलं तर मलाही तडीपार करतील.”

“ह्यांनी लिहिलंय, भीती वाटली तर धोंडूनं आपलं नाव खोडावं आणि पुन्हा माझं घालावं.”