मंगळावर अडकलेलं विमान

अध्यक्षसायेब, डोणगावच्या मायबापहो, हातातली कामं टाकून तुमी दौलतच्या शोकसभेले आले. मी त्याचा दोस्त, छापखानेवाला. दुसऱ्याचे शब्द जुळवनं माहा धंदा. आज सोताचेच जुळून नाई राह्यले. पन बोलतो. चूप बसलो तं दौलत अर्धाच राहीन.

आत्ताच अध्यक्षसायेब म्हनले, "दौलतरावांनी गावोगावचा इतिहास लिहिला, तेवढाच छापू. त्यांच्या त्या चंद्र-मंगळाच्या गोष्टींच्या चोपड्या विसरून जाऊ."

काऊन विसरू? बाजारात त्या चोपड्या तुमीच वाचल्या ना, उभ्या उभ्या? सायेब, तुमच्याही घरी गेल्या. मीच पोचवल्या.

अन् तो इतिहास त्याले कसा भेटला, ठाऊक हाये? म्हातारे तोंडच उघडत नव्हते. जुनी विहीर कोनी खांदली, एवढं इचारलं का म्हनत, "काऊन बे, पटवाऱ्यानं धाडलं काय? शेतसारा वाढवता?" मंग दौलत पारावर बसे अन् मंगळाची गोष्ट वाचे. विमान पडाले आलं का थांबे.

"पुढं काय झालं?"

"आधी विहिरीचं सांगा."

असं प्रकरन द्यावं अन् आठवन घ्यावी. सारा इतिहास त्यानं असाच जमवला. त्यातून मंगळ काढता? मंग विहीरही काढा!

रोहिणखेडच्या आमनाबीनं मशिदीजवळच्या जुन्या वस्तीचं सारं सांगलं. आपला सौदा तिनं पुरा केला. दौलतचा राह्यला. शेवटचं प्रकरन लिहून राह्यला होता, अन् तापानं नेला. विमान मंगळावर अडकलेलं, मानसं आत.

काल म्हातारीचा निरोप आला. "दौलत गेला, लय रडली मी. पन ते मानसं घरी आले का नाई?"

सांगा, काय सांगू तिले? ते विसरून जाऊ असं सभेत ठरलं, असं सांगू?

नाई सांगनार. माह्या छापखान्यात दोन्ही छापीन, एकाच पुठ्ठ्यात. नाई तं एकही नाई. ज्याले लाज वाटते त्यानं दुसरा छापखाना पाहावा.

आता उभे राहा, मायबापहो. घडीभर चूप राहू. पन नुसते चूप नका राहू. ते विमान खाली कसं आनाचं, याचा इचार करा. कोनाले सुचलं तं मले सांगा. मी उद्या रोहिणखेडले चाललो.

दौलत, राम राम गड्या. मानसं घरी आनतो.