लाल बटणाची चावी

तुम्ही सेफ्टीचं बोलताय म्हणून आठवलं. ऐंशीच्या आसपास मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत टेम्पररी होतो. गेटवर मोठा बोर्ड होता, 'आधी सुरक्षा, मग उत्पादन'. नियमही तसाच. गॅसचा वास आला तर कोणीही लाल बटण दाबून प्लांट बंद करायचा, कोणाला विचारत बसायचं नाही.

एका दुपारी मला वास आला. नेमके त्याच दिवशी मोठे साहेब मुंबईहून आलेले. शेजारचा म्हात्रे कानाशी येऊन म्हणाला, "परमनंट व्हायचंय ना तुला? मग नाक बंद ठेव."

तरी दाबलं बटण. भोंगा वाजला, सगळे गेटवर जमा. आमचे सुपरवायझर प्रधान माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "काही निघालं नाही ना, तर उद्यापासून येऊ नकोस."

अर्धा तास मी गॅस गळत असू दे म्हणून देवाला हात जोडत होतो. स्वतः तिथंच उभा राहून.

शेवटी फिटर आला. "व्हॉल्व्ह गळतोय," म्हणाला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, बोर्डाकडे बोट दाखवून भाषण केलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर लाल बटणावर लोखंडी पेटी, पेटीला कुलूप. मी प्रधानांना विचारलं, "साहेब, आता वास आला तर?"

"तर माझ्या केबिनमध्ये यायचं, रजिस्टरमध्ये सही करायची आणि चावी घेऊन जायचं."