देवाला सगळ्यात वर बसवलं, त्याची गोष्ट

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. तुमच्या घरात देवाची जागा कोणती?

बघा! मी लगेच देऊ नका म्हटलं, आणि पहिल्या रांगेतून आवाज आला – "ईशान्य!" अहो तात्या, मी दिशा नाही विचारली, जागा विचारली! दिशा सांगायला कॅलेंडर आहे, भिंतीला टांगलेलं. मी विचारतोय – देवाला बसवायचं कुठं? उंचावर? की जवळ? आणि उंच ठेवला की मान राहतो, जवळ ठेवला की मान जातो – असं असतं का?

थांबा. आता बोलू नका. गोष्ट ऐका, मग बोला. पेटीवाले, तुम्हीही ऐका! सूर तिथंच आहे, कुठं पळत नाही.

तर मंडळी, आपल्याच तळकोकणातलं एक गाव. नाव सांगत नाही! सांगितलं की तुम्ही उद्या सकाळी मोटारसायकल काढून त्यांच्या दारात उभे राहाल – "बुवा सांगत होते ते घर हेच काय?" गावात एक लवू परब. सगळे त्यांना आबा म्हणायचे. बायको देवाघरी गेलेली, दोन मुलगे. थोरला जयराम, शाळेत मास्तर. धाकटा उदय, गोव्याला कंपनीत. आणि जयरामाची बायको सुलभा – ही बाई लक्षात ठेवा, कमी बोलते, पण वेळेला बोलते!

आबांचं जुनं घर नदीच्या काठाला. म्हणजे कसं? नदीला पूर आला की ती आधी आबांच्या पडवीत यायची, मग गावात जायची! आणि मंडळी, आबा परब पुरात काय करायचे? तांदळाची पिंपं? नाही. कपाट? नाही. देव्हाऱ्यातले देव काढायचे, पितळेच्या परातीत मांडायचे, वर पंचा घालायचे, आणि परात डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून टेकाडावर जाऊन उभे राहायचे. पाणी उतरेपर्यंत उभे! मुलांनी लहानपणापासून हेच बघितलं – बाप पाण्यात, आणि देव बापाच्या डोक्यावर.

एका पुरात आबांचा पाय दगडावरून सरकला. पडले. पण परात? परात नाही पडू दिली! देव कोरडे राहिले आणि आबांचे दोन्ही गुडघे कायमचे गेले. तेव्हापासून काठी. सपाटीला चालायचे हळूहळू, पण पायरी आली की तोंड पांढरं पडायचं. पूजा मात्र रोज स्वतःच्या हातची. पोरवयापासूनची सवय. आधी फुलं, मग गंध, मग घंटा, मगच चहा. सुलभा म्हणायची, "आबांची घंटा ऐकल्याशिवाय माझो गॅस पेटत नाय!"

मग दोघा भावांनी ठरवलं, पुरे झाली ही नदी. नवीन घर! आबांची एक जागा होती रस्त्याच्या वरच्या अंगाला. जागा चांगली, आंबा-फणसाची. पण उतार! मंडळी, असा उतार की म्हैस वर चढताना अर्ध्या वाटेत थांबून मालकाकडे बघायची – "जायचंच आहे का?"

आता उतारावर घर बांधायचं म्हणजे आधी घर बांधलं जात नाही. आधी भांडण बांधलं जातं!

उदय म्हणाला, "जेसीबी लावया. डोंगर कापया, सपाट करूया, एका दिवसाचा काम!"

जयराम म्हणाला, "आणि पावसात मागचो डोंगर घरात इलो म्हणजे? तुझो जेसीबी गोव्याक जातलो, आम्ही चिखलात!"

स्वयंपाकघर एक की दोन, यावर आठवडा गेला. संडास कुठं, यावर दोघं एकमेकांशी बोलेनात! घर व्हायच्या आधीच घर फुटतं की काय, अशी वेळ. शेवटी तोड निघाली. उतार कापायचा नाही, उताराप्रमाणेच घर टप्प्याटप्प्यानं चढवायचं. खालच्या टप्प्याला, रस्त्याजवळ, पडवी आणि आबांची खोली. त्याच्यामागे जरा वर स्वयंपाकघर आणि माजघर. त्याच्याही मागे, वरच्या टप्प्याला दोघा भावांच्या खोल्या.

आणि देव? मंडळी, इथं गंमत आहे. बाकी प्रत्येक भिंतीवर भांडले, पण देवघरावर दोघांचं एकमत! सगळ्यात वर! अगदी माथ्याला! उदय म्हणाला, "आबांनी जन्मभर देव डोक्यार घेतले. आता घरानंच तेंका डोक्यार घेवक होया." जयरामाच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ भावाच्या गळ्यात पडला!

माया खरी होती हो. मी खोटं बोलत नाही. पण जिथं सगळ्यांचं चटकन एकमत होतं ना, तिथं मी जरा घाबरतो. कारण तिथं परत कुणी बघत नाही!

उदयनं काँप्युटरवर नकाशा काढून आणला. रंगीत! आबांपुढे पसरला. "ही आबा तुमची खोली. ह्या देवघर." आबांनी बोट ठेवलं आपल्या खोलीवर, आणि सरकवलं – देवघर! पोचलेसुद्धा! आबा खूश.

अहो, कागद सपाट असतो मंडळी! कागदावर उतार कुठं दिसतो? तिथं बोट चालतं, गुडघा चालत नाही!

मग आबांचं लक्ष गेलं. म्हणाले, "झिला, मधे मधे ही फणी कित्याक काढलंस?"

उदय हसला. "आबा, फणी नाय ती. त्यो पायऱ्यो."

आबांनी परत एकदा बोट फिरवलं. एक फणी. दुसरी फणी. तिसरी. बोट हळू झालं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "बरा आसा."

बरा आसा! मंडळी, घरातलं म्हातारं माणूस "बरं आहे" म्हणतं ना, तेव्हा ते बरं असतं असं समजू नका हं!

जयराम मास्तर. त्याला वाटलं आपण समजूतदार. तो म्हणाला, "आबा, आता तुम्ही आराम करा. पूजा मी करतलंय. तुम्ही खालसूनच हात जोडा. देवाक काय, खालचो नमस्कारसुद्धा पोचता!"

नमस्कार देवाला पोचतो, मास्तर. पण ज्या हातानं देवाला आंघोळ घातली, गंध लावलं, पुरात डोक्यावर धरलं, त्या हातानं आता काय करायचं? काठी धरायची? नुसती काठी? ते मास्तरला सुचलं नाही. आणि आबा बोलले नाहीत. का बोलले नाहीत? कारण दोन भाऊ कसे तरी एका गोष्टीवर एक झाले होते. ती गोष्ट मोडून माझी सोय कशी मागू? आणि मागायचं काय? देवाला म्हणायचं, खाली ये? असं कुठं असतं?

फक्त सुलभानं पाहिलं, की त्या दिवसापासून आबांची पूजा लांबायला लागली. एकेक मूर्ती पुसायचे, परत पुसायचे. निरोप घेतल्यासारखं चाललं होतं.

मग आखणीचा दिवस उजाडला. गवंड्यानं दोऱ्या ताणल्या, चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर खऱ्या मापाचं घर आखलं. पांढऱ्या रेघांचं घर! पोरं त्या घरात धावतायत, बायका रेघेबाहेर चपला काढून आत शिरतायत – अहो, भिंत नाही, छप्पर नाही, पण चपला बाहेर! हे आपले लोक!

आणि आता गाऱ्हाणं. तुम्हाला काय सांगायचं, तरी मुंबईहून आलेली नातवंडं बसली आहेत त्यांच्यासाठी सांगतो. कुठलंही काम सुरू करायच्या आधी घरचा वडीलधारा उभा राहतो, देवाला मोठ्यानं सगळं सांगतो, मागतो. आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला म्हणतात – "होय म्हाराजा!" गाऱ्हाण्यात बोललेलं देवासमोरचं बोलणं. ते मागे घेता येत नाही.

गाऱ्हाणं घालायचं देवघराच्या जागी. म्हणजे वर! आबा खाली, फणसाखाली, काठी टेकून उभे. उदय चार जण घेऊन खुर्ची घेऊन आला. "बसा आबा, उचलतंव तुमका!"

आबा हसले. म्हणाले, "आज उचलशात झिला. उद्या सकाळी कोण उचलतलो? आणि परवा?"

आणि म्हणाले, "मी हयसूनच घालतंय." सुलभानं पुढं होऊन त्यांच्या हातात नारळ दिला. सगळा गाव वरून खाली उतरून फणसाखाली आला. आबांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

होय म्हाराजा!

"आज ह्या परबांच्या लेकरांनी ह्या जाग्यार घर बांधूचा ठरवल्यानी. तेंच्या वाटेत जी काय इडापिडा आसात, ती दूर कर म्हाराजा!"

होय म्हाराजा!

"दोघे भाव एका छपराखाली रवतले. तेंच्यात कोणाची नजर पडूक दिव नको म्हाराजा!"

होय म्हाराजा! – हे जरा मोठ्यानं हं! संडासाचं भांडण सगळ्या गावाला माहीत होतं!

"पुरात तुका मी डोक्यार घेतलंय. माझ्या झिलांनी ता बघल्यानी, म्हणान तुका सगळ्यांत वर जागो दिल्यानी. तेंची माया खरी आसा म्हाराजा!"

होय म्हाराजा!

इथं आबा जरा थांबले. काठीवरचा हात घट्ट झाला.

"पण म्हाराजा, माझे गुडघे गेले. थय वर माका चढूक जमाचा नाय. इतके दिवस मी तुका उचलून वर नेलंय. आता एकदा तू खाली ये म्हाराजा! माझ्या खोलीच्या बाजूक बस! तुझी सेवा माझ्या हातातसून काढून घेव नको म्हाराजा!"

आणि मंडळी, सवय! सगळ्यांचे डोळे मिटलेले, तोंडाला लय लागलेली, आणि सगळा गाव एका आवाजात गरजला – होय म्हाराजा!

सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? जयराम आणि उदयचा!

मग डोळे उघडले. एकमेकांकडे बघितलं. आपण काय म्हटलं? कशाला होय म्हटलं? आणि तेवढ्यात – फाट! आबांनी नारळ फोडला. संपलं! देवानं ऐकलं, गावानं होय म्हटलं, आता मागे कसं घ्यायचं?

जयराम मास्तरचं तोंड बघवेना. जन्मभर मुलांना शिकवणारा माणूस, बापासमोर उभा राहून रडला. "आबा, आधी बोलाक काय झाला होता?" आबा म्हणाले, "तुम्ही दोघे एक झालास, ता मोडू कसा?"

पण मंडळी, गावात शंका काढणारा एक तरी असतोच! असतो ना? हा बघा, तुमच्या शेजारीच बसला आहे! एक जण म्हणाला, "देव खाली बसवलास, आणि वर तुमच्यो झोपायच्यो खोल्यो. म्हणजे देवाच्या डोक्यार पाय?" शंका खरी! देवाच्या डोक्यावरून कसं चालायचं?

तेव्हा बोलली सुलभा. रेघांकडे हात करून म्हणाली, "वरच्यो खोल्यो देवाच्या डोक्यार खय येतत? त्यो मागे रवतत! उतारावरचा घर ह्या, चाळ नाय. खालच्या टप्प्याचा छप्पर वेगळा, तेच्यावर कोण चालता? नुसतो पाऊस!"

वा! काय बोलली! ज्या उतारावरून एवढी भांडणं झाली, त्याच उतारानं वाट काढून दिली. सपाट जागेत देवघर खाली ठेवलं असतं तर वर मजला आला असता. उतारावर वरचा मजला डोक्यावर नसतोच, पाठीशी असतो. उदय धावत वर गेला. माथ्यावरची देवघराची रेघ पायानं पुसली. फक्कीची पाटी घेऊन खाली आला आणि आबांच्या खोलीला लागून, पडवीच्या आत, स्वतःच्या हातानं नवीन चौकोन आखला. वाकडा! गवंडी म्हणाला, "ह्या काय?" तो म्हणाला, "सरळ तू कर, जागा हीच!"

मंडळी, मी त्या घरी जाऊन आलो. रस्त्यावरून दोन पावलं आत, की पडवी. पडवीतून आत आधी देव दिसतो. देवासमोर आबा. कुणी बाहेर जाताना, कुणी बाहेरून येताना, दोघांना भेटल्याशिवाय पुढची पायरीच नाही! उदय गोव्याहून येतो, तो बॅग खांद्यावर असतानाच देवापुढे टेकतो आणि आबांच्या शेजारी बसतो. देवघर माथ्यावर असतं तर? गणपतीत गेला असता, वर्षातून एकदा! सकाळी घंटा वाजते, वरच्या टप्प्यापर्यंत ऐकू जाते, आणि मगच गॅस पेटतो.

मी आबांना विचारलं, "आबा, देवाला खाली बोलावलंत, भीती नाही वाटली?" आबा म्हणाले, "बुवा, तुम्हीच सांगतास ना कीर्तनात? भक्तान हाक मारली की देव धावत येता. मी म्हटलंय, बघूया खरा काय ता!"

बघा! माझ्यावरच उलटले! पण खरं आहे हो. सगळी पुराणं आठवा. देवानं भक्ताला शिडी लावून दिली, म्हणाला ये वर, अशी गोष्ट आहे? – काय? ध्रुव? अहो तात्या, ध्रुवाला वर नेला खरा, पण आधी रानात खाली उतरून भेटला कोण? बसा!

आता तुमच्याकडे वळतो. मोकळे सुटलो असं वाटलं होतं ना? तुम्ही म्हणाल, बुवा, आमचं घर तर बांधून झालं. सपाटीवर आहे. पायरी नाही. मग नीट बघा. ज्याला तुम्ही मान दिलात, त्याला तुमच्यापर्यंत पोचता येतं का? म्हातारीला मोठा मोबाईल घेऊन दिलात, तो तिला उघडता येत नाही. बापाला वरची हवेशीर खोली दिलीत, खाली सगळे हसतात ते त्याला ऐकू येत नाही. सगळं मायेनं! सगळं मान म्हणून! आणि तो म्हणतो – "बरा आसा."

तर चला, उठायच्या आधी गाऱ्हाणं घालू. डोळे मिटा. तबलेवाले, तुम्हीही.

बा देवा म्हाराजा! – म्हणा!

आज इथं जमलेल्या तुझ्या लेकरांना सुखी ठेव म्हाराजा! – म्हणा!

तेंच्या घरात कोणाची माया कमी पडूक दिव नको म्हाराजा! – वा, मोठ्यानं!

आणि घरात जो कोण "बरा आसा" म्हणान गप्प बसलो आसा, तेच्या शेजारी ही लेकरा आज घरी गेल्यार जावन बसतली, आणि तेका इचारतली, "खरा सांग, तुका काय होया?" – म्हणा!

होय म्हाराजा!

उघडा डोळे. म्हणालात हं! सगळ्या देवळानं ऐकलं. देवासमोर म्हणालात, आता मागे घेता येत नाही. चला, उठा. आरती झाली की वाटेत गप्पा मारत रेंगाळू नका. घरी कुणीतरी जागं आहे.