सोनाआत्याची वात

नळ गळतो म्हणून तू मघापासून कुरकुरतोयस, त्यावरून आमची सोनाआत्या आठवली. सारंगखेड्याला पूल नव्हता तेव्हा ती इंजिनाच्या नावेतून पलीकडे महादेवाला निघाली होती, मी सोबतीला. नावेच्या बुडातून पाण्यातल्या पंख्याचा फिरता दांडा बाहेर जातो ना, तिथं सुताचा दोर ठासलेला असतो. त्यातून थेंब थेंब पाणी आत येत होतं.

"रघू, बंद कर ते पानी," आत्या नावाड्याला म्हणाली.

"आत्या, इतलं पानी लागसच. नही तं दांडा तपी जाई."

"मी महादेवले उनू, बुडाले नही उनू."

ती ऐकेना, तेव्हा रघूनं वैतागून दोर दाबणारा नट करकचून आवळला. नदीच्या ऐन मधोमध धूर निघाला, दोर जळाला आणि पाणी भळाभळा आत आलं. रघूनं बांबू रेटत नाव कशीबशी वाळूला टेकवली. दुसरा दोर नव्हता. आत्यानं पिशवीतला वातींचा कापूस काढला, मांडीवर बोटभर जाड वात वळली, देवाच्या तुपात भिजवली आणि रघूला दिली. त्यानं ती ठासली, नट बेतानं आवळला. नाव निघाली आणि थेंब थेंब पुन्हा सुरू झालं.

"अहो, अजून गळतंय," मागून एक मास्तर म्हणाले.

आत्यानं दांड्याकडे बघून हात जोडले.

"गप बठा मास्तर. अभिषेक चालू शे."