खिचडी आधी कोणी चाखायची?

किराणा विकता विकता मी एकदा कायदा वाचवलाय, ऐका! राजधानीत कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाउसमध्ये आपल्या राज्याचे अधिकारी शालेय जेवण आणि शिक्षकांच्या परवान्याचे जुने कायदे बदलायला बसले होते. मी माल घेऊन पोचलो, तर मोठे साहेब म्हणत होते, “मुलांआधी शिक्षकानं जेवण चाखायचं? काढा तो नियम. बिल्कुल जुनाट!”

तेवढ्यात नमुन्याची शालेय खिचडी आली. रंग जरा हिरवट. चमचा कोणी उचलेना.

साहेब म्हणाले, “शेठ, आधी तुम्ही घ्या ना.”

“साहेब, तो नियम तर आत्ताच काढलात!”

सगळे हसले. साहेबांनी नियम परत घालायला सांगितला. मग मी वाटीभर खिचडी चापली.

“हिरव्या मुगाची आहे, झकास! चाखली मी. आता मला शिक्षकाचा परवाना द्या.”